धागा: दीर्घिकेच्या मधोमध हा दांडा कसा टिकतो? (एनजीसी १३०० आणि तिच्या बहिणी)

सांजतारा (धागाकर्ती)

शाळेच्या विज्ञान कोपऱ्यात मी एनजीसी १३०० या दीर्घिकेचा मोठा फोटो लावला आहे (एनजीसी ही दीर्घिका, तेजोमेघ वगैरेंची यादी, १३०० हा त्यातला क्रमांक). हबल दुर्बिणीचा तो फोटो २००५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. तेव्हा मी कॉलेजात होते आणि सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये मोजून तो पाहिला होता. आजही त्याच्यासमोर उभी राहिले की पाय निघत नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं वर्णन. मृगातल्या राजन्यापाशी एरिडॅनस तारकासमूह सुरू होतो. त्यात, आपल्यापासून साधारण ६ कोटी प्रकाशवर्षांवर ही दीर्घिका आहे. जॉन हर्शेलने ती १८३५ साली नोंदवली. विस्तार लाखाहून जास्त प्रकाशवर्षे. नेहमीच्या सर्पिल दीर्घिकेत मधल्या फुगीर गोळ्याभोवती भुजा गुंडाळलेल्या दिसतात. इथे मात्र केंद्रातून आरपार गेलेला एक लांब, पिवळसर दांडा आहे. पिवळा, कारण त्यात बहुतेक म्हातारे तारे. दांड्यातून धुळीच्या दोन काळ्या रेघा जवळपास सरळ धावतात, केंद्राच्या दोन बाजूंना एकेक. दांड्याच्या टोकाशी आलं की सगळं एकदम काटकोनात वळतं आणि तिथून निळ्या तारकागुच्छांच्या, गुलाबी हायड्रोजन ढगांच्या दोन भुजा सुरू होतात. आणि अगदी केंद्रात, या सगळ्याच्या पोटात, जेमतेम ३,३०० प्रकाशवर्षांची आणखी एक छोटी सर्पिल चकती! पहिल्यांदा ती बघितली तेव्हा मला वाटलं होतं, फोटो जोडताना कुणाची तरी चूक झाली.

गेल्या आठवड्यात नववीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, हिच्या भुजा मधल्या गोळ्यातून का नाही निघत, काठीच्या टोकातूनच का? आणि आतलं लवकर फिरतं, बाहेरचं उशिरा फिरतं असं तुम्हीच सांगितलंत. मग काठी मोडत कशी नाही?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी कसंबसं दिलं. दुसऱ्यावर म्हटलं, सोमवारी सांगते. आज शुक्रवार आहे. इथे या विषयातली माणसं आहेत, म्हणून विचारतेय. सूत्रं चालतील, पण वर्गात हाताने करून दाखवता येईल असं काही असेल तर फार बरं होईल.

---

अनुराधा_सतरावी

ताई, तुमच्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा. तिचा दुसरा प्रश्न हाच या विषयाचा गाभा आहे. मी काही वर्षं दीर्घिकांच्या सिम्युलेशनवर काम केलंय, तेव्हा जमेल तसं सांगते.

काठी मोडत नाही, कारण ती काठी नाहीच. लाकडाच्या दांड्यात कण जागचे हलत नाहीत. दीर्घिकेच्या दांड्यात प्रत्येक तारा सतत धावतोय. दांडा म्हणजे ताऱ्यांच्या लांबुळक्या कक्षा एकाच दिशेला लागून राहिल्या की जो आकार दिसतो, तो.

तबकडीतला तारा केंद्राभोवती अगदी गोल फिरत नाही. फिरता फिरता थोडा आत येतो, थोडा बाहेर जातो. त्याची वाट कागदावर काढली तर फुलासारखी, न मिटणारी आकृती होते. पण तो कागदच एका ठरावीक वेगाने फिरवत ठेवला, तर तीच वाट मिटलेलं अंडाकृती वळण दिसते, ज्याच्या मधोमध केंद्र आहे. आता मजा अशी की तारे आत वेगाने आणि बाहेर सावकाश फिरतात, त्यांच्यातला फरक खूप मोठा. पण ही अंडाकृती वळणं ज्या वेगाने फिरतात तो वेग मधल्या बऱ्याच पट्ट्यात जवळपास सारखाच येतो. स्वीडनच्या बर्टिल लिंडब्लाड यांच्या हे फार आधी लक्षात आलं होतं. म्हणजे वळणं एका रेषेत राहायला मुळातच तयार असतात. उरलासुरला फरक त्यांचं एकमेकांवरचं गुरुत्वाकर्षण भरून काढतं. एकदा थोडी वळणं जुळली की ती शेजारच्या वळणाला ओढून आपल्या रांगेत घेतात. दांडा असा वाढतो.

वर्गासाठी प्रयोग: ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक फिल्म किंवा ट्रेसिंग पेपर, दहा-बारा. प्रत्येकावर एकेक अंडाकृती काढायची, आधीच्या पेक्षा थोडी मोठी. सगळ्यांच्या मध्यातून एकच टाचणी, खाली थर्माकोल. आधी सगळ्या अंडाकृती एका दिशेला लावा. झाला दांडा. मग आतल्या पाच-सहा तशाच ठेवून बाहेरची प्रत्येक फिल्म आधीच्यापेक्षा दहा-दहा अंश फिरवा. रेघा जिथे दाटतील तिथे बघा: दांड्याच्या दोन टोकांतून दोन भुजा निघालेल्या दिसतील.

तिच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच टाचणीत.

---

सांजतारा

अनुराधाताई, आत्ता रात्री साडेदहाला डायनिंग टेबलवर करून पाहिलं. ट्रेसिंग पेपर संपला म्हणून शेवटच्या चार अंडाकृती बटर पेपरवर काढल्या. सातवा कागद फिरवला आणि भुजा निघाली!! मुलाला झोपेतून उठवून दाखवलं.

---

जुना_वाचक_ठाणे

सुंदर धागा. अनुराधा यांच्या प्रतिसादात एक भर घालावीशी वाटते, ती वर्गात सांगायची की नाही ते ताईंनी ठरवावं. फिल्मच्या प्रयोगात दांडा आणि भुजा कायमच्या जोडलेल्या दिसतात. खऱ्या दीर्घिकेत दोघांच्या फिरण्याचा वेग वेगळा असू शकतो. सिम्युलेशनमध्ये भुजा दांड्याच्या टोकापासून सुटतात, मागे पडतात, पुन्हा दुसरी भुजा येऊन चिकटते. तेव्हा एनजीसी १३०० चा फोटो हा एक क्षण आहे, हे मुलांना जरूर सांगा.

---

अनुराधा_सतरावी

अगदी बरोबर. प्रयोग फक्त आकार कसा बनतो ते दाखवतो, काळ दाखवत नाही. सांगायलाच हवं.

---

पाटकरी

मी शेतकरी माणूस, श्रीरामपूरकडचा. खगोलशास्त्र वाचून वाचूनच जेवढं कळलं तेवढं. मला ताऱ्यांपेक्षा त्या दोन काळ्या रेघांविषयी विचारायचंय. तारे एकमेकांच्या शेजारून निघून जातात, टक्कर होत नाही. धूळ आणि वायूला ती सोय नाही. मग दांड्यातल्या वायूचं काय होतं? फोटोत बघतो तर रेघांवर निळे तारे जवळपास नाहीतच. वायू तिथे गोळा झालाय, मग तारे का जन्मत नाहीत?

---

अनुराधा_सतरावी

पाटकरीदादा, फार नेमकं पाहिलंत.

दांड्याच्या लांबट वळणांवरून जाणारे वायूचे प्रवाह एकमेकांना आडवे येतात आणि आपटतात. ही आपटण्याची जागा म्हणजेच त्या काळ्या रेघा. दांडा ज्या दिशेने फिरतो त्या दिशेच्या कडेला त्या असतात, म्हणून नुसता फोटो बघूनही दांडा कुणीकडे फिरतोय ते ओळखता येतं. आपटल्यावर वायूचा कोनीय संवेग कमी होतो. फिरण्याचा जोर गेला की तो बाहेर टिकू शकत नाही, रेघेरेघेने केंद्राकडे घसरतो. घसरताना तिथे इतकी ओढाताण असते, शेजारशेजारचे थर इतक्या वेगवेगळ्या गतीने सरकतात की ढगाला आकसून तारा व्हायला उसंतच मिळत नाही. केंद्राजवळ पोचल्यावर मात्र वायू एका कड्यात साठतो आणि तिथे ताऱ्यांचा पूर येतो. अश्मंत तारकासमूहातल्या एनजीसी १०९७ मध्ये असं कडं स्पष्ट दिसतं, सुमारे ५,००० प्रकाशवर्षे रुंदीचं. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे भुजा सुरू होते, तिथेही वायू रेंगाळतो आणि तारे जन्मतात.

---

पाटकरी

म्हणजे हा पाट झाला! आमच्याकडे भंडारदऱ्याचं पाणी कालव्याने येतं. कालव्यात पाणी धो धो वाहतं पण कालव्यात कुणाचं पीक नसतं. पाणी चारीत वळलं, वाफ्यात थांबलं, की तिथे पीक. वाहत्या पाण्यावर काही उगवत नाही, थांबलेल्यावर उगवतं.

तीस वर्षं पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या. रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावर उभा असताना वर बघायचो. वर पण पाटपाणीच चाललंय हे आज कळलं.

---

सांजतारा

दादा, हे मी वर्गात जसंच्या तसं सांगणार. तुमच्या नावाने.

---

जुना_वाचक_ठाणे

पाटकरी, एक नंबर. आणि पाटाच्या शेवटाला काय असतं तेही बघा: बऱ्याच दीर्घिकांच्या केंद्रात महाकाय कृष्णविवर असतं. एनजीसी १०९७ मधलं सूर्याच्या सुमारे १४ कोटी पट वस्तुमानाचं आहे. आल्मा दुर्बिणीने तिथल्या वायूचा वेग मोजून २०१५ मध्ये हा आकडा काढला. पण दांडा असला की कृष्णविवर जागं होतंच असं नाही. खुद्द एनजीसी १३०० चं केंद्र शांत आहे. कड्यापर्यंत पाणी आणणं दांड्याला जमतं, तिथून शेवटच्या विहिरीत पाडायला आणखी काहीतरी लागतं.

---

डॉब्सोनियन_दहा_इंची

डोळ्यांनी बघायचं असेल तर आत्ताच वेळ आहे, म्हणून लिहितो. एनजीसी १३०० च्या मागे नवशिक्यांनी लागू नये. ती फार फिकट आहे, माझ्या दुर्बिणीत नुसता धुरकट लांबट डाग दिसतो. तिच्याऐवजी एनजीसी १३६५ पकडा. अश्मंतमध्ये आहे, साधारण ५.६ कोटी प्रकाशवर्षांवर, विस्तार २ लाख प्रकाशवर्षांच्या घरात. क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर) उणे ३६ अंश, म्हणजे पुण्या-मुंबईच्या अक्षांशावरून ती दक्षिणेला ३५-३६ अंश उंच येते. डिसेंबरअखेरीस रात्री साडेनऊ-दहाला सर्वांत उंच (म्हणजे मध्यमंडलावर), जानेवारीत त्याआधी.

गेल्या अमावास्येला जव्हारच्या पुढे एका माळावर होतो. दव इतकं की दर वीस मिनिटांनी फाइंडरची काच पुसावी लागत होती. आधी एनजीसी १३९९ आणि १४०४ हे शेजारशेजारचे दोन गोल धुरकट ठिपके सापडले. तिथून हळूहळू सरकत १३६५ वर आलो. पहिल्या नजरेत फक्त मधला दाणा. मग डोळा तिरका केला, नजर जरा बाजूला ठेवून दहा मिनिटं नुसता थांबलो. दाण्याच्या दोन बाजूंना एक पुसट पट्टी उमटली. आणखी थोड्या वेळाने पट्टीच्या एका टोकाला काहीतरी वर वळल्यासारखं वाटलं. डोळा तिकडे नेला की गायब, बाजूला नेला की हजर. शेजारच्या मित्राला काहीच न सांगता वहीत काढायला लावलं. त्याने पण त्याच टोकाला वळण काढलं. तेव्हा खात्री पटली.

तो दांडा एका फेरीला सुमारे ३५ कोटी वर्षं घेतो. २०१२ च्या ऑक्टोबरात याच दीर्घिकेत अतिनवतारा फुटला होता, तोही मी पाहिलाय, केंद्राच्या जवळच बारीक सुई टोचल्यासारखा. त्या दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराचा गिरकीचा वेग २०१३ साली क्ष-किरणांवरून मोजला गेला, त्याचं वस्तुमान सूर्याच्या २० लाख पट धरतात.

कुणाला यायचं असेल तर पुढच्या अमावास्येला जागा आहे. ताई, मुलींना आणा. गरम कपडे आणि लाल कागद लावलेली बॅटरी एवढंच लागतं.

---

पर्थहून_नमस्कार

इथे पर्थला एनजीसी १३६५ जवळपास डोक्यावर येते, आणि दांडा बघायला दुर्बीणही लागत नाही! मोठा मॅगेलनी मेघ हीसुद्धा दांडा असलेलीच दीर्घिका आहे, फक्त मोडकीतोडकी, एकाच भुजेची, आणि दांडा नेमका मध्यावर नाही, बाजूला सरकलेला. १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर म्हणजे अगदी शेजारी. शहराबाहेर गेलं की ढगाच्या तुकड्यासारखी दिसते आणि त्यातला उजळ पट्टा म्हणजे तिचा दांडा.

सांगलीला वाढले, तिथून हा मेघ क्षितिजाला घासून जातो, त्यामुळे कधी दिसला नव्हता. आई इथे आली तेव्हा तिला अंगणात खुर्ची टाकून दाखवला. म्हणाली, अगस्त्याच्या खाली एवढं आकाश शिल्लक असतं होय!

---

कोकणकडा

वाचून एक प्रश्न पडला. आपली आकाशगंगा पण दांडेवाली आहे असं ऐकतो. आपण तर आतच बसलोय, बाहेरून फोटो काढता येत नाही. मग कळलं कसं?

---

जुना_वाचक_ठाणे

लांब गोष्ट आहे, पण सांगण्यासारखी.

१९६४ च्या सुमारास जेरार द वोकुलर यांनी केंद्राकडच्या हायड्रोजनची विचित्र गती पाहून आकाशगंगेत दांडा असावा असं मांडलं. नीट पुरावा यायला १९९१ उजाडलं. केंद्राकडे बघताना धूळ आड येते, दृश्य प्रकाश पोचत नाही, अवरक्त प्रकाश मात्र आरपार येतो. ब्लिट्झ आणि स्परगेल यांनी अवरक्त निरीक्षणं तपासली तर केंद्राची एक बाजू दुसरीपेक्षा उजळ आणि जाड निघाली. आगगाडी आपल्यासमोर तिरकी उभी असेल तर जवळचा डबा मोठा आणि लांबचा लहान दिसतो ना, तसं. मग कोबे उपग्रहाच्या नकाशातही तेच दिसलं. २००५ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने सुमारे ३ कोटी ताऱ्यांचं सर्वेक्षण केलं आणि दांड्याची लांबी सुमारे २७,००० प्रकाशवर्षे आली. सूर्य आणि केंद्र जोडणाऱ्या रेषेशी दांड्याचा कोन तेव्हा ४५ अंश काढला होता, नंतरच्या बहुतेक मोजण्या २५ ते ३० अंशांच्या आसपास येतात.

आणखी एक. आपल्या केंद्राचा फुगीर भाग बाजूने पाहिला तर गोल नाही, शेंगदाण्याच्या टरफलासारखा मधे चिमटलेला आहे. दांडा जुना झाला की वर-खाली वाकतो, तारे तबकडीच्या बाहेर उडतात आणि असा आकार येतो.

कुठे बघायचं? दांड्याचं जवळचं टोक धनूतल्या केंद्रापासून श्रवणाच्या बाजूला, ढाल तारकासमूहाच्या दिशेला आहे. टोक स्वतः धुळीमागे लपलेलं आहे, पण दिशा बोटाने दाखवता येते. डिसेंबर-जानेवारीत ते सूर्यासोबत उगवतं-मावळतं. फेब्रुवारीच्या शेवटी पहाटे साडेपाचला पूर्वेकडे बघा.

---

कोकणकडा

शेंगदाणा वाचून थक्क झालो. आणि दांडा नसलेल्या दीर्घिका मग कमी आहेत का?

---

अनुराधा_सतरावी

हो. जवळपासच्या सर्पिल दीर्घिकांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत कमी-जास्त ठळक दांडा आहे. अवरक्त प्रकाशात पाहिलं तर दृश्य प्रकाशात न दिसलेले दांडेही सापडतात. हेबर कर्टिसने १९१८ मध्ये या दीर्घिका वेगळ्या काढल्या, तेव्हा ग्रीक 'फाय' अक्षरावरून त्यांना फाय-सर्पिल म्हटलं होतं. नंतर हबलने दीर्घिकांचं वर्गीकरण चिमट्याच्या आकारात मांडलं आणि दांडेवाल्यांना स्वतंत्र फांदी दिली. पुढे द वोकुलर यांनी मधली पायरीही घातली, कारण निसर्गात दांडा आहे आणि नाही यांच्यामधलंही बरंच काही आहे.

१९७३ मध्ये ऑस्ट्रायकर आणि पीबल्स यांनी संगणकावर दाखवलं की ताऱ्यांची नुसती, शांत तबकडी फिरवली तर ती थोड्याच फेऱ्यांत दांडा बनवते. तेव्हा लोकांना प्रश्न पडला की मग काही दीर्घिकांत दांडा *नाही* तो का नाही! त्यांनी सुचवलं की भोवती न दिसणाऱ्या वस्तुमानाचं जड वलय असावं, ते तबकडीला आवरून धरतं. कृष्णद्रव्याच्या बाजूने पडलेलं ते एक महत्त्वाचं मत होतं. पुढे कळलं की हेच वलय दांड्याकडून कोनीय संवेग घेतं आणि त्याने दांडा उलट आणखी लांब, बळकट होतो, फक्त फिरण्याचा वेग मंदावतो.

काळात मागे गेलं की दांडे कमी होतात. २००८ च्या एका सर्वेक्षणात, दोन हजारांवर सर्पिल दीर्घिका पाहून, ७ अब्ज वर्षांपूर्वी ठळक-फिकट मिळून फक्त २० टक्क्यांच्या आसपास दांडे आढळले. पण जेम्स वेब दुर्बीण आल्यावर चित्र बदलतंय. २०२३ मध्ये महास्फोटानंतर फक्त सुमारे २ अब्ज वर्षांनी दांडा असलेली एक दीर्घिका सापडली. तबकड्या इतक्या लवकर शांत झाल्या असतील असं आम्हाला वाटत नव्हतं. २०२५ मध्ये पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रातल्या दोघांनी वेबच्याच प्रतिमांत त्याहूनही आधीच्या काळातली, दोन सुरेख भुजांची सर्पिल दीर्घिका शोधली, तिला 'अलकनंदा' नाव दिलंय. मुलांना हे नाव जरूर सांगा.

---

सांजतारा

सोमवारचा तास झाला.

थर्माकोल, टाचणी, बारा फिल्म. ज्या मुलीने विचारलं होतं तिलाच फिरवायला लावलं. भुजा निघाल्यावर तिने फिल्म उलट्या दिशेने फिरवून पाहिल्या, मग पुन्हा सुलट्या. पाटकरीदादांचा पाट सांगितला तर मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी बोलत नाही, उठून म्हणाला, "आमच्या पण चारीला असंच." त्याने फळ्यावर येऊन दांड्यात दोन पाट काढले आणि मधे विहीर.

आणि आता तिचा नवा प्रश्न: "बाई, आपला सूर्य यातल्या कुठल्या अंड्यावर? तिथे मी लाल टाचणी लावते." अनुराधाताई, कुठे लावू?

---

अनुराधा_सतरावी

१ सेंटीमीटर म्हणजे २,६०० प्रकाशवर्षे धरा. दांड्याचं टोक केंद्रापासून साधारण सव्वापाच सेंटीमीटर. सूर्य १० सेंटीमीटर, म्हणजे दांड्याच्या पार बाहेर, जवळजवळ गोल वळणावर. त्यामुळे तिला सूर्यासाठी वेगळी फिल्म लागेल. दांड्याची रेषा आणि सूर्याची रेषा यात २५-३० अंशांचा कोन, आणि फिरण्याच्या दिशेने पाहिलं तर दांड्याचं जवळचं टोक सूर्याच्या पुढे.

सूर्याला एका फेरीला २२-२३ कोटी वर्षं लागतात, दांड्याला १६ ते १८ कोटी. म्हणजे दांडा आपल्यापुढून निघून जातो आणि तेच टोक पुन्हा आपल्याशी जुळायला साधारण ७० कोटी वर्षं. तिला दोन्ही फिल्म हाताने वेगवेगळ्या वेगाने फिरवता येतात का ते विचारा.

---

सांजतारा

येतात. एका हाताने दांडा, एका हाताने सूर्य. आत्ता मधल्या सुट्टीत करत बसली आहे, डबा तसाच आहे.

डॉब्सोनियनदादा, पुढच्या अमावास्येला आम्ही नऊ जण.